पुण्याहून कॅम्पर व्हॅन घेऊन कळसूबाई-भंडारदऱ्याला: गाडी कुठवर न्यायची आणि कुठे थांबवायची

गेल्या चार वर्षांत आम्ही कॅम्पर व्हॅन घेऊन पाच वेळा भंडारदरा-कळसूबाई भागात जाऊन आलोय, त्यात दोनदा आईला घेऊन (वय ७१, गुडघे दुखतात, तरी हौस दांडगी), आणि दर वेळी कोणी ना कोणी विचारतंच की एवढी मोठी गाडी घेऊन डोंगरात कसं काय जाता. खरं सांगायचं तर गाडी डोंगरात न्यायचीच नाही. गाडी म्हणजे आपलं घर, ते पायथ्याला चांगल्या डांबरी रस्त्यालगत उभं करायचं आणि पुढचं सगळं पायी, नाहीतर गावातल्या जीपने. एवढं डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं जमतं. आमच्या डोक्यात ते पहिल्या ट्रिपला नव्हतं, त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

हाच भाग का

पुण्यातून ट्रेक म्हटलं की आधी राजगड, तोरणा, सिंहगड आठवतात, पण तिथले शेवटचे रस्ते अरुंद, वीकेंडला बाइकची ही गर्दी, आणि रात्री गाडी लावून झोपायला निवांत सपाट जागा मिळणं अवघड. कळसूबाईचं तसं नाही. पायथ्याचं बारी गाव कोल्हार-घोटी रस्त्यालाच लागून आहे, म्हणजे मोठी गाडी थेट ट्रेकच्या सुरुवातीपर्यंत चांगल्या रस्त्याने जाते. हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ साली जाहीर झालेलं, साधारण ३६० चौरस किलोमीटर, अहिल्यानगर जिल्हा, अकोले तालुका. एका मुक्कामाच्या आजूबाजूला कळसूबाई (१६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर), रतनगड, हरिश्चंद्रगड, सांदण दरी, भंडारदऱ्याचं धरण, रंधा धबधबा एवढं सगळं मिळतं. आणि ज्यांना चढायचं नाही त्यांना व्हॅनच्या दारात खुर्ची टाकून डोंगर बघत बसता येतं. आमची आई तेच करते आणि तिला त्यात आमच्याइतकीच मजा येते.

कधी जायचं

ऑक्टोबर संपता संपता ते फेब्रुवारी. डोळे झाकून. सप्टेंबरच्या शेवटी सोनकीने डोंगर पिवळे झालेले असतात तेव्हा पण सुंदर, फक्त जमीन ओली असते आणि चार टनांची गाडी मातीच्या मैदानात घातली तर चाक रुतणार, त्यामुळे तेव्हा मुरूम टाकलेली किंवा सिमेंटची जागा मिळाली तरच.

जून ते ऑगस्ट व्हॅन नेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. घाटघर बाजूला पाऊस असा कोसळतो की दहा फुटांवरचं दिसत नाही, सोलरला ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, चार माणसं ओल्या बुटांसकट सहा बाय दहाच्या डब्यात. मे अखेर ते जून मध्यापर्यंत काजवे असतात आणि सगळं पुणे-मुंबई-नाशिक तिकडे लोटतं, धरणाभोवतीच्या रस्त्यावर रात्री गाड्यांच्या रांगा लागतात. काजवे चमकतात ते जोडीदाराला खुणावायला, आपल्या हेडलाइटने त्यांचं तेच बिघडतं. काजवे बघायचेच असतील तर गाडी शेंडीलाच (भंडारदऱ्याचं गाव) ठेवून स्थानिक माणसाबरोबर टॉर्च न लावता चालत जा.

एप्रिल-मेमध्ये पाण्याचा प्रश्न असतो, धरण समोर दिसत असलं तरी वरच्या वाड्यांमध्ये बाया हंडे घेऊन लांब जातात. त्या दिवसांत गावच्या नळावर आपली शंभर लिटरची टाकी भरणं बरोबर नाही. मला तरी ते जमत नाही.

गाडी कोणती घ्यायची आणि काय तपासायचं

पुण्यात भाड्याने मिळतात त्यातल्या बऱ्याच गाड्या आपल्या आकुर्डीच्या फोर्सच्या ट्रॅव्हलरवर बांधलेल्या असतात. २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅरॅव्हॅन टुरिझमचं धोरण आणलं, तेव्हापासून हा प्रकार लोकांना माहीत झाला. चार जणांना ट्रॅव्हलरच्या साइजची पुरते, त्याहून मोठी बसवाली डोंगरी भागासाठी घेऊ नका.

आधी नंबर प्लेट बघा. ड्रायव्हरसकट भाड्याने असेल तर पिवळी पाटी, सेल्फ ड्राइव्ह असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची गाडी कोणी स्वस्तात भाड्याने देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा, अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करतील. गाडी घरच्या घरी मॉडिफाय केलेली असेल तर आरसीवर तिची नोंद आहे का तेही बघा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय गाडीत मोठे बदल करता येत नाहीत.

मग टेप घेऊन उंची मोजा. मालकाने सांगितलेली नाही, स्वतः मोजलेली, एसी आणि सोलर पॅनेलसकट. आम्ही नेतो ती गाडी साडेनऊ फूट भरते. हा आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवायचा, कारण गावांच्या कमानी, खाली लोंबणाऱ्या वायरी, पेट्रोल पंपाचं छप्पर, सोसायटीचं गेट, सगळीकडे तोच लागतो. चालवणाऱ्याला रोजच्या कारची सवय असते, डोक्यावर चार फूट जास्तीचं घर आहे हे ऐनवेळी आठवत नाही.

मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या चाकाच्या मागे गाडी किती बाहेर आहे, तो पण बघा. वळताना मागचा भाग उलट्या बाजूला झाडतो आणि खड्ड्यातून वर येताना आधी तोच घासतो.

बेल्ट मोजा. जेवढे बेल्ट तेवढीच माणसं. चालत्या गाडीत मागे बेडवर कोणी झोपायचं नाही, चहा करायचा नाही, लहान मुलांनी तर अजिबात उठायचं नाही. आमचा भाचा पहिल्या दिवशी यावरून रुसला होता, तरी ऐकलं नाही.

पाणी, गॅस, वीज

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे शंभर लिटरची टाकी फुल्ल भरून पुण्यातून निघालं तर एक जास्तीचं माणूस आणि वर त्याचं सामान एवढं वजन घाटात ओढावं लागतं. आम्ही टाकी अर्धी भरून निघतो आणि उरलेली संगमनेर नाहीतर अकोल्याला जेवायला थांबतो त्या हॉटेलवाल्याला विचारून भरतो. पिण्याचे वीस लिटरचे दोन जार वेगळे. चार जणांना ट्रेकच्या दिवशी माणशी चार लिटर धरा, कमी नको.

भांडी धुताना नळ सोडून धुवायची नाहीत. आधी टिश्यूने नाहीतर जुन्या वर्तमानपत्राने ताट पुसून घ्यायचं, मग एका टोपात साबणाचं पाणी आणि दुसऱ्यात साधं. एवढ्याने निम्मं पाणी वाचतं आणि सिंकच्या पाइपात भाताची शितं अडकत नाहीत. ताट न पुसता धुतलं तर दुसऱ्या दिवशी ग्रे टाकीला (सिंकचं सांडपाणी साठते ती) जो वास सुटतो तो गादीपर्यंत येतो.

गॅस पाच किलोचा छोटा सिलेंडर, उभा आणि पट्ट्याने बांधलेला, गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. स्वयंपाक करताना दार उघडं, खिडकी उघडी. थंडी वाजते म्हणून रात्री गॅस पेटवून ठेवणं किंवा शेगडीत कोळसा घालून आत आणणं, हे जिवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतलं माणूस झोपेतच जातं. डिसेंबर-जानेवारीत भंडारदऱ्याला रात्री चांगलीच थंडी पडते, तेव्हा दोन जाड रग घ्या आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवा. हवा खेळते, आणि दुसरं म्हणजे चार जणांच्या श्वासाची वाफ पत्र्यावर जमून पहाटे थेंब थेंब अंगावर पडते ती पण थांबते.

विजेचं गणित निघायच्या आधी करा. आमच्या गाडीत १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची बॅटरी आहे. साधी लेड-ॲसिड असेल तर त्यातली निम्मीच वापरायची, म्हणजे शंभर, लिथियम असेल तर दीडशेच्या वर सहज मिळतात. छोटा फ्रिज दिवसाला चाळीस-पन्नास खातो, पंखे, दिवे, पाण्याचा पंप, मोबाईल मिळून अजून तीस. म्हणजे लेड-ॲसिडवर एक दिवस आरामात आणि दुसऱ्या दिवशी ओढाताण. छतावर तीनशे वॅटचं पॅनेल असेल आणि हिवाळ्याचं स्वच्छ ऊन असेल तर दिवसाचं भरून निघतं, पण म्हणून गाडी झाडाखाली लावायची नाही, हे ठरवून टाका. एसी बॅटरीवर विसरा. हिवाळ्यात लागत पण नाही.

बाहेरून प्लग घ्यायचा असेल तर रिसॉर्ट किंवा हॉटेलवर घ्या. कोणाच्या घरच्या अंगणात थांबलात तर मोबाईल चार्जिंगपुरतंच, कारण घरांचं वायरिंग हलकं असतं, अर्थिंगची खात्री नसते, आणि बिल त्यांना येतं. एक्स्टेंशनची वायर जाड घ्या आणि गुंडाळी पूर्ण सोडून वापरा, गुंडाळलेली वायर लोडवर तापून वितळते.

टॉयलेटचा विषय

लोक लाजतात म्हणून कोणी धड सांगत नाही. पोर्टेबल टॉयलेटची खालची टाकी साधारण वीस लिटरची, चार जणांत दोन दिवसांत भरते. निळ्या कडक केमिकलऐवजी एन्झाइमवालं लिक्विड घ्या. गावातल्या शोषखड्ड्यात ते केमिकल ओतलं तर तिथले जंतू मरतात आणि त्यांचा खड्डा काम करायचा बंद होतो. आम्ही ठरवलंय की ही टाकी शक्यतो पुण्याला घरी आणूनच रिकामी करायची. अगदीच भरली तर मुक्कामाच्या हॉटेलच्या टॉयलेटमध्ये, त्यांना आधी विचारून. उघड्यावर, ओढ्यात, झाडीत कधीच नाही. दिवसा ट्रेकला जाताना पायथ्याच्या हॉटेलचं किंवा गावातलं टॉयलेट पैसे देऊन वापरा, म्हणजे ही टाकी रात्रीपुरतीच राहते आणि तीन दिवस पुरते.

आता पहिल्या ट्रिपचं. आम्ही हौसेने गाडी रतनवाडीपर्यंत नेली होती. अमृतेश्वराच्या देवळाशेजारी मुक्काम करू, सकाळी रतनगड, असा प्लॅन. धरणाच्या काठाकाठाने जाणारा रस्ता, तेव्हा मध्ये मध्ये उखडलेला, एका फरशी पुलावरून वर चढताना मागून कर्रकन आवाज आला. उतरून बघितलं तर ग्रे टाकीच्या तोटीचा पाइप दगडाला लागून मुळातून तुटलेला आणि साबणाचं, डाळीचं, खरकट्याचं पांढरट पाणी रस्त्यावरून ओघळत खालच्या खाचराकडे चाललेलं. मी आणि नवरा पिशवी लावून ते थांबवायचा प्रयत्न करत होतो तेवढ्यात एक म्हाताऱ्या आजी डोक्यावर लाकडं घेऊन आल्या, उभ्या राहिल्या, बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "बाई, ह्ये पानी खाली हिरीत उतरतंय गं." ओरडल्या नाहीत, काही नाही. त्यांनीच मग ओढणीची चिंधी आणि ओली माती कालवून भोक बुजवायला लावलं, आणि ते बसलं. प्रवरा रतनगडावरच उगम पावते, म्हणजे आपण तिथे जे सांडतो ते नदीच्या पहिल्याच घोटात जातं. त्या दिवसापासून गाडी शेंडीच्या पुढे आतल्या रस्त्याला घालायची नाही आणि ग्रे पाणी कुठेही सोडायचं नाही हे दोन नियम आमच्या घरात पक्के झाले.

पुण्यातून निघताना

गाडी आदल्या संध्याकाळीच ताब्यात घ्या आणि तासभर तिच्यात बसून प्रत्येक बटण, प्रत्येक नळ, बेडची प्रत्येक फळी स्वतः उघडून-लावून बघा. स्टेपनी, जॅक आणि पाना दाखवायला सांगा, जॅक एवढ्या वजनाच्या गाडीचा आहे का ते बघा. टायरमधली हवा गाडी भरल्यावर तपासायची, रिकाम्या गाडीवर नाही. सामान लावताना जड सगळं खाली आणि दोन चाकांच्या मध्ये, वरच्या कपाटात फक्त कपडे आणि कुरमुऱ्यांची पिशवी.

पहाटे साडेचारला निघा. शुक्रवारी निघालात तर उत्तम. कोथरूड-कर्वेनगरवाल्यांनी चांदणी चौकातून बायपासने वाकड, तिथून नाशिक फाटा, मग भोसरी, मोशी, चाकण. साडेसहाच्या आत चाकण ओलांडायचं हेच पहिल्या दिवसाचं खरं टार्गेट आहे, त्यानंतर कंपन्यांच्या बसेस आणि ट्रेलर सुरू झाले की मोठ्या गाडीला लेन बदलणं नको वाटतं. पुढे खेड घाट, मंचर, नारायणगाव इथे बायपास झालेत त्यामुळे रस्ता मोकळा. नाश्ता नारायणगाव किंवा आळेफाट्याला. आईला दर वेळी आळ्याला रेड्याच्या समाधीला थांबायचं असतं, ज्ञानेश्वर माउलींनी वेद वदवले तो रेडा, आणि तिथे गाडी लावायला जागाही बरी आहे.

आळेफाट्याहून मॅप तुम्हाला ओतूर-ब्राह्मणवाडा-कोतूळमार्गे शॉर्टकट दाखवेल. अंतर कमी, कारने मस्त रस्ता, पण मोठ्या गाडीने नको. सरळ संगमनेर, तिथून अकोले, राजूर, शेंडी. एकूण २०० किलोमीटरच्या आसपास, व्हॅनने थांबत थांबत सहा तास धरा. अकोल्यात डिझेल फुल्ल करा, एटीएममधून रोख काढा, भाजी घ्या, ऑफलाइन मॅप डाउनलोड करा, पुढे नेटवर्क येतं-जातं.

वाटेत चंदनापुरीचा घाट रुंद आहे, तिथे काही त्रास नाही. अकोल्यानंतर विठा घाट लागतो तो जरा सांभाळून. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि तापलेला ब्रेक ऐनवेळी लागत नाही. जळका वास आला तर जागा बघून थांबा, वीस मिनिटं गार होऊ द्या, चाकावर पाणी ओतू नका. मागे गाड्या तुंबल्या की साइडला घेऊन त्यांना जाऊ द्या, त्यांना घाई असते, आपल्याला नाही.

राजूरला पेढे घ्यायचे. जातानाच घ्या, येताना संपलेले असतात.

मुक्कामाची जागा आणि गाडी लावणं

शेंडी म्हणजे भंडारदऱ्याचं गाव. एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, बाकी हॉटेलं आहेत, आधी फोन करून सरळ विचारा की कॅम्पर व्हॅन आहे, लांबी एवढी, उंची एवढी, रात्री आत लावू का, प्लग मिळेल का, बाथरूम वापरायचे किती. जेवण त्यांच्याकडे घेतलं की बहुतेक जण हो म्हणतात. दुसरा पर्याय बारी गावात, ट्रेकर्ससाठी पार्किंग आणि चहा-नाश्ता गावकरीच चालवतात. पैसे विचारून द्या आणि घासाघीस करू नका, त्या अंगणाचंच भाडं आहे ते. धरणाच्या काठावर, जंगलात, कुठल्याही रिकाम्या वळणावर आपल्या मनाने गाडी लावून झोपू नका. अभयारण्य आहे, वन विभागाची चौकी आहे, प्रवेश फी आहे, नियम आहेत, आणि रात्री मदत लागली तर माणूस जवळ असावा.

उजेड असताना पोचा. दुपारी चारनंतर नाही. आधी पायी चालत जागा बघा, वर वायर, खाली दगड, सकाळी ऊन कुठून येणार, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडी तोंड बाहेर करून लावायची, म्हणजे रात्री निघायची वेळ आली तर रिव्हर्स घ्यावा लागत नाही. रिव्हर्स घेताना एक माणूस मागे, ड्रायव्हरला आरशात दिसेल असा. तो आरशात दिसेनासा झाला की गाडी थांबवायची, एवढंच ठरवून ठेवा.

मग लेव्हल. आमची पद्धत अशी की किचनच्या ओट्यावर स्टीलची सपाट ताटली ठेवून तिच्यात अर्धा पेला पाणी ओतायचं. पाणी ज्या कडेला जमतं ती बाजू खाली आहे. त्या बाजूच्या चाकाखाली सागाची फळी सरकवायची, गाडी हळूच तिच्यावर चढवायची, परत ताटली बघायची. दोन-तीनदा केलं की पाणी मधोमध पसरतं. हे नाही केलं तर रात्रभर डोकं खाली पाय वर, सिंकचं पाणी जात नाही, आणि काही फ्रिज तिरके चालत नाहीत. दगड लावू नका, सटकतात. फळी जमली की हँडब्रेक, गाडी पहिल्या गिअरमध्ये, उताराकडच्या चाकांना लाकडी गुटके.

अंधार पडला की बाहेरचे दिवे बंद. स्पीकर नको. गावात लोक नऊला झोपतात.

कळसूबाई

रात्री नऊला झोपून साडेचारला उठा. शेंडीला असाल तर गाडी आवरून बारीपर्यंत न्या, नाहीतर गाडी तिथेच ठेवून जीप सांगून ठेवा. आई बरोबर असते तेव्हा आम्ही आदल्या रात्रीच बारीत जाऊन राहतो, म्हणजे ती सकाळी आरामात उठते.

निघायच्या आधी गावात जेवणाची ऑर्डर सांगून जा: पिठलं, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, ठेचा, भात. किती वाजता उतरणार ते अंदाजे सांगा. व्हॅनमध्ये स्वयंपाक करायची सोय असली तरी दुपारचं जेवण गावातच घ्या, दमून आल्यावर गरम भाकरी समोर येते, आणि दोन पैसे गावात राहतात.

वाट मळलेली आहे, चुकायचा प्रश्न फारसा नाही. कड्यांच्या जागी लोखंडी शिड्या आणि रेलिंग लावलेत. दमाने चढलं तर वर जायला तीन-साडेतीन तास, उतरायला अडीच. पहिला तास हळू चाला, सगळे तिथेच दम घालवतात. शिडीवर एकामागे एक, मध्ये अंतर ठेवून, हात मोकळे, मोबाईल खिशात. वीकेंडला आठनंतर शिड्यांवर रांग लागते म्हणून पहाटेचा आग्रह. नवरात्रात देवीला गर्दी असते, तेव्हा व्हॅन आणूच नका, लावायला जागा मिळणार नाही. वर छोटं देऊळ आहे, वारा जोराचा असतो, घाम आलेल्या अंगावर विंडचीटर घाला. स्वच्छ हवा असेल तर अलंग-मदन-कुलंगची रांग आणि खाली भंडारदऱ्याचं पाणी दिसतं.

उतरणं चढण्यापेक्षा गुडघ्याला जड. काठी घ्या, ज्यांचे बूट गुळगुळीत झालेत त्यांनी नवीन घ्या पण घरी पंधरा दिवस वापरून मग. परफ्यूम, अत्तर लावून येऊ नका, सह्याद्रीत कड्यांना आग्या मोहोळं असतात आणि मधमाश्या उठल्या तर पळायला जागा नसते. दगडावर हात ठेवताना आधी बघा, फुरसं हा विषारी साप मातीच्याच रंगाचा असतो. चावलाच तर कापाकापी, दोरी बांधणं काही नको, पाय न हलवता माणसाला उचलून खाली आणा आणि १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखाना गाठा.

व्हॅन बंद करून जाताना खिडक्या आणि छताची झडप, सगळं लावा. माकडं जाळी फाडून आत येतात, केळी समोर दिसत असतील तर नक्कीच.

तिसरा दिवस

कळसूबाईच्या दुसऱ्या दिवशी परत मोठा ट्रेक करायला पाय तयार नसतात, तर गाडी शेंडीलाच ठेवून गावातली जीप ठरवा आणि धरणाभोवतीची चक्कर मारा: मुरशेत, पांजरे, घाटघरचा कडा, साम्रदला सांदण दरीचं तोंड, रतनवाडीला अमृतेश्वर. अमृतेश्वराचं कोरीव काम बघायला निवांत तासभर ठेवा, आधी बाहेरून फिरा, मग आत. जीपवाल्याला आधीच सगळी ठिकाणं आणि पैसे बोलून घ्या. सांदणमध्ये पूर्ण उतरायचं असेल तर वाटाड्या पाहिजेच, लहान मुलं आणि वयस्कर असतील तर तोंडापाशीच थांबा.

हरिश्चंद्रगड करायचा असेल तर त्याला वेगळा पूर्ण दिवस आणि एक रात्र वाढवा. पाचनईवरून वाट सोपी, पण पाचनईचा रस्ता व्हॅनसाठी नाही, राजूरला गाडी लावून जीप. केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात उभं असलेलं शिवलिंग आणि चारातला एकच शाबूत खांब, आणि संध्याकाळी कोकणकडा, यासाठी घाईघाईत जाण्यात अर्थ नाही. गडावर तंबूला परवानगी आहे का ते वन विभागाच्या नाक्यावर विचारूनच ठरवा.

निघताना स्थानिक तांदूळ आणि नाचणी घ्या. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या बीजमाता राहीबाई पोपेरे, ज्यांना पद्मश्री मिळाली, त्यांच्यामुळे गावठी बियाण्याचं मोल लोकांना परत कळायला लागलंय. आम्ही दर वेळी दहा किलो तांदूळ आणतो आणि त्याचा भात शिजताना घरभर वास सुटतो.

परत येताना

रविवारी दुपारी एकच्या आत शेंडी सोडा. त्यानंतर निघालात तर संध्याकाळचं चाकण तुमच्या वाट्याला येणारच, आणि दमलेल्या ड्रायव्हरने अंधारात एवढी गाडी चालवू नये. निघायच्या आधी गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारा: गुटके काढले का, फळी घेतली का, पायरी आत गेली का, बाहेरची वायर काढली का, गॅस बंद आहे का. मग जागेवर नजर टाका, पडलेलं दुसऱ्याचं वेफर्सचं पाकीट दिसलं तर तेही पिशवीत.

घरी पोचल्यावर कितीही कंटाळा आला तरी त्याच रात्री टॉयलेटची टाकी आणि ग्रे पाणी घरच्या ड्रेनेजला रिकामं करा. पाण्याच्या टाकीची तोटी उघडून झाकण काढून ठेवा, नाहीतर आठ दिवसांत आत बुळबुळीत थर धरतो. गाद्या उभ्या करा. फ्रिज पुसून दाराच्या फटीत टॉवेलची घडी घाला, म्हणजे तो बंद होणार नाही आणि सकाळपर्यंत आतून कोरडा होईल.